बानूबाई कुठल्या ‘केईएम’च्या? (सोसायटी ग्रुप, १६ जुलै)

बी-३०४ काकू: डॉक्टर बानू कोयाजी मुंबईतल्या परळच्या केईएम हॉस्पिटलच्या, असा कालचा फॉरवर्ड कोणी टाकला? त्या परळच्या नव्हेत, आपल्या पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएमच्या. स्मृतिदिनाला तरी नीट वाचून टाकत जा.

ए-१०२: मीच टाकला काकू. भावना चांगली होती. एवढं चिडण्यासारखं काय आहे?

बी-३०४ काकू: भावनेबद्दल बोलत नाहीये. परळचं महापालिकेचं, आपलं ट्रस्टचं. बाई १९४४ मध्ये आल्या तेव्हा ४० खाटा होत्या, पुढे ५५० झाल्या. ५५ वर्षं एका हॉस्पिटलला दिली त्यांनी. आणि आपण ते दुसऱ्याच हॉस्पिटलच्या नावावर लावतो!

सी-५०१: शुभ सकाळ. लिफ्टचं एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) कधी रिन्यू होणार?

सचिव: दादा, रविवारी मीटिंगला घेऊ.

ए-२०५ काका: पद्मभूषण १९८९, मॅगसेसे १९९३. मोठी बाई.

बी-३०४ काकू: मॅगसेसे कशासाठी मिळालं तेही सांगा ना काका. शहरातल्या हॉस्पिटलचं बळ त्यांनी वढूच्या बायकांपर्यंत नेलं.

डी-४०३: वढू म्हणजे संभाजी महाराजांची समाधी आहे तेच ना?

बी-३०४ काकू: तेच, वढू बुद्रुक. माझं माहेर त्याच बाजूचं. दवाखाना बांधला म्हणून घरची सून तिथे जाते असं नाही हो. सासू सोडेल तेव्हा. म्हणून गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं. लसी, बाळंतपण, पाळणा लांबवणं, सगळं बाईनेच बाईला सांगायचं. सरकारच्या आशाताई (गावातल्या आरोग्यसेविका) २००५ नंतर आल्या. हे त्याच्या कितीतरी आधीचं.

ए-१०२: पुढचे फॉरवर्ड काकूंनीच लिहावेत. आम्ही फक्त 🙏 टाकू.

सी-५०१: लिफ्टचं एएमसी???

सचिव: गणपतीची वर्गणी शिल्लक आहे. बानूबाईंच्या आठवणीसाठी हॉस्पिटलला द्यायची का?

डी-४०३: द्या. नाहीतर पुन्हा फ्लेक्स लागेल.

ए-२०५ काका: फ्लेक्सचा ठराव रीतसर झाला होता.

डी-४०३: हो, तिघांचा. त्यातल्या दोघांचे फोटो फ्लेक्सवर 😂

सचिव: कृपया. विषय सोडू नका.

बी-३०४ काकू: पैसे जरूर द्या, गरीब पेशंटच्या बिलासाठी असं पावतीवर लिहून घ्या. पण माझ्या मते बाईंची आठवण ठेवायची तर आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. चार घरची धुणीभांडी करतात, जिना चढताना धापा टाकतात. लिफ्ट लिफ्ट करणाऱ्यांनी मावशींना लिफ्टमध्ये घ्यायचं की नाही तेही एकदा सांगावं.

सी-५०१: मी तसं कधीच म्हटलेलं नाही. उगाच माझ्यावर ढकलू नका.

बी-३०४ काकू: तुमचं नाव घेतलं का मी?

डी-४०३: मावशींचं पटलं. आमच्या मावशी तर चक्कर येऊन बसल्या होत्या परवा. माझी वहिनी लॅबमध्ये आहे, विचारते.

ए-१०२: फॉरवर्ड दुरुस्त करून परत टाकतो. टेबल-खुर्च्या मी लावेन.

सचिव: मग मावशींची तपासणी पुढचा रविवार, क्लब हाऊस, सकाळी १०?

बी-३०४ काकू: १० ला त्या तिसऱ्या घरी असतात. ७ चं ठेवा. आणि त्या दिवशी कामावर उशिरा आल्या म्हणून कोणी बोलायचं नाही, हे आजच ग्रुपवर टाका.