देवाने क्षमा केली असेल, तर पापाचे परिणाम का उरतात?

प्रश्न (नगरकर)

अकरा वर्षांपूर्वी वडील वारले, तेव्हा ‘वडिलांच्या खात्याचे काम अडले आहे’ असे सांगून मी धाकट्या बहिणीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेले आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. आम्ही ख्रिस्ती आहोत, त्यामुळे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार वडिलांच्या शेतात तिचा वाटा माझ्याइतकाच होता, हे मला पक्के ठाऊक होते. चार वर्षांपूर्वी एका उपासनेत माझे मन मोडले. मी देवापुढे रडून पाप कबूल केले आणि पुढे तिच्या घरी जाऊन तिचीही क्षमा मागितली. तरी आजही मी गेलो की ती पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवते आणि न बोलता आत निघून जाते. बायबलमधले स्तोत्र ५१, म्हणजे दावीद राजाची पश्चात्तापाची प्रार्थना, मला तोंडपाठ आहे. क्षमा खरोखर मिळाली असेल, तर हे दार अजून बंद का? की माझा पश्चात्तापच खरा नव्हता?

उत्तर (जैतूनवाट)

ज्या स्तोत्राचा आपण आधार घेतला आहे, त्याच्या शीर्षकातच नाथान संदेष्टा दावीदाकडे आल्याचा प्रसंग नोंदलेला आहे. म्हणून बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचे अकरावे आणि बारावे अध्याय त्याच्याबरोबरच वाचावेत. दावीदाने आपला सैनिक उरीया हित्ती याच्या बायकोला, बथशेबाला, बोलावून घेतले आणि नंतर त्याला लढाईच्या ऐन तोंडावर उभे करण्याचा हुकूम लिहून ते पत्र उरीयाच्याच हाती सेनापती यवाबाकडे धाडले. नाथानाने गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगून दावीदाला त्याच्याच तोंडून दोषी ठरवले, तेव्हा दावीद एवढेच म्हणाला, की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. क्षमेचे वचन त्याला त्याच क्षणी मिळाले. मात्र तलवार तुझ्या घराण्यातून हटणार नाही, हे आधी उच्चारलेले शब्द मागे घेतले गेले नाहीत. बथशेबाला झालेले बाळ दगावले, दावीदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर अत्याचार केला, तिचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारले आणि शेवटी बापाविरुद्धच बंड केले.

मला सर्वांत अधिक शिकवणारा प्रसंग त्यानंतरचा आहे. अबशालोमापुढून पळताना दावीद अनवाणी, डोके झाकून, रडत जैतुनाचा डोंगर चढतो. पुढे शिमी नावाचा माणूस त्याला दगड मारतो, शिव्याशाप देतो, आणि एक सरदार शिमीचे डोके उडवायला निघतो, तेव्हा दावीदच सरदाराला अडवतो. देवाने क्षमा केली असताना याने मला का बोलावे, असे तो म्हणत नाही. याउलट दावीदाच्या आधीचा राजा शौल याच्याकडे पाहा. पाप केले हे त्यानेही कबूल केले, पण त्याच दमात, लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख, अशी त्याने शमुवेल संदेष्ट्याला गळ घातली. कबुलीचे शब्द दोघांचे जवळजवळ एकच आहेत. फरक आहे तो शब्दांमागून काय मागितले यात.

आणखी एक गोष्ट. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने येशूची वंशावळ देताना बथशेबाचे नाव न घेता तिला उरीयाची बायको म्हटले आहे. इतक्या पिढ्यांनंतरही ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव शास्त्राने पुसले नाही.

उत्तर (वसईची वाट)

मी कॅथलिक आहे. आमच्या धर्मशिक्षणात हा भेद स्पष्ट शिकवला जातो, की पापनिवेदनात मिळणारी मुक्ती पापाचा दोष काढून टाकते, पण पापाने जी मोडतोड केली ती आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेले परत करणे, बदनामी केली असेल तर ती धुऊन काढणे, हे पश्चात्ताप करणाऱ्याचे काम उरतेच. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करीन म्हटले, तेव्हा या घराला तारण प्राप्त झाले असे प्रभू म्हणाला. म्हणून आपल्याला नम्रपणे विचारतो: सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे? आपल्या संपूर्ण प्रश्नात अश्रूंचा उल्लेख आहे, क्षमा मागितल्याचा आहे, पण शेताचे पुढे काय झाले याचा एकही शब्द नाही.

उत्तर (तिसरी बहीण)

मी स्वतः अशीच सही करून बसलेली बहीण आहे, म्हणून लिहिते. ताईंच्या मौनाला आपल्या पापाची देवाने दिलेली शिक्षा समजू नका. जन्मांधाकडे बोट दाखवून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा येशूने तो हिशेबच नाकारला होता. ते मौन त्यांचे स्वतःचे दुःख आहे. माझा भाऊ जेव्हा जेव्हा क्षमा मागायला येतो, तेव्हा त्याला माझ्याकडून सुटका हवी असते. माझे काय गेले, हे त्याने आजवर विचारलेले नाही. मी देवाजवळ त्याला क्षमा केली आहे, तरी त्याच्यासमोर बसून चहा घेणे मला अजून जमत नाही, आणि त्यासाठी कोणी घाई केलेली मला सहन होत नाही.

नगरकर

सातबाऱ्यावर माझेच नाव आहे. चार वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. मी शौलासारखा मंडळीतला मान तेवढा परत मागत होतो. आज सकाळी वकिलांना भेटलो. तिच्या वाट्याचे बक्षीसपत्र करून देता येईल, असे ते म्हणाले. अकरा वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब वहीत मांडायला घेतला आहे, पहिली तीन वर्षे झाली. कागद तयार झाले की ते तिच्या हाती देईन आणि ती आत निघून गेली तरी हाक मारणार नाही.