‘चहा-बिस्किटाची मंडळी’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पेटीवाला_पणजी
काल एका गटात कुणीतरी लिहिलं: ‘पणजीतले हे प्रोटेस्टंट सगळे भायले. एकसष्टनंतर घाटावरून आले, भाड्याच्या हॉलात गातात, दारात हात मिळवतात आणि चहा-बिस्किटावर माणसं ओढतात. गोव्याच्या इतिहासात यांचं काय आहे?’ खाली अंगठ्यांची रांग. तिथे बोललो असतो तर बाहेर काढलं असतं, म्हणून इथे.

आलो, कबूल. वडील १९७४ साली मिरजेहून वास्कोला आले, कारकून म्हणून. आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेली. रविवारी कुणाच्या तरी खोलीत सतरंजी, एक पेटी आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं. पुढे पणजीत शाळेचा हॉल मिळाला. आज मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नगरचे, कोल्हापूरचे, बेळगावचे, दोन मणिपुरी नर्सबाई आणि गवंडीकाम करणारं एक तेलुगू कुटुंब आहे. नवा माणूस आला की त्याची आधीची मंडळी कोणती, हे आम्ही विचारत नाही. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांसाठी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली तेव्हा अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट वगैरे सहा घरं एका छपराखाली आली. आमचा चहा त्या वळणाचा आहे. बिस्किटं मारीची असतात, त्यावर कुणी धर्म बदलत नाही.

आणि इतिहासच हवा असेल तर दोना पावलाची ब्रिटिश दफनभूमी बघून या. नेपोलियनच्या काळात इंग्रजांची फौज गोव्यात होती.

अंत्रुजकर
इंग्रज शिपायांची थडगी ही मिरजेच्या कारकुनाची परंपरा कधी झाली? उद्या पोर्तुगीज तोफही आपलीच म्हणाल. १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं. कुठ्ठाळीचा मंगेश आणि वेर्ण्याची म्हाळसा नदीपलीकडे आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, न्यावी लागली. चर्चच्या दारातला चहा बघून आमच्या पोटात गोळा येतो तो आजोबा-पणजोबांचा आहे. त्याला मारीचं बिस्किट पुरत नाही.

पेटीवाला_पणजी
अण्णा, त्या इन्क्विझिशनच्या गुन्ह्यांत ल्यूथरचा मार्ग, म्हणजे प्रोटेस्टंट पंथही, होता. आमचे लोक तेव्हा इथे असते तर तुमच्याच शेजारी उभे केले असते. पण थडग्यांचं मान्य, ते मी ओढून आणलं.

मावशी_मळा
इतिहास राहू दे बाजूला. रविवारी साडेनऊला आमच्या गल्लीत गाड्या लावून ठेवता त्याचं काय? सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं, रिक्षा आत येईना. हॉर्न वाजवला तर आत टाळ्या सुरू. हेच तुमचं आदरातिथ्य?

पेटीवाला_पणजी
मावशी, चुकलं. पंचांच्या कानावर घालतो. (टाळ्या तरुण संघाच्या, त्यांना माझीही मनाई आहे.)

रायतूरकार
मी कॅथलिक, मला चहाची भीती नाही. माझं दुखणं वेगळं आहे. पन्नास वर्षं गोव्यात राहून तुम्ही गाता मात्र मराठीत. मणिपुरी बाईला मराठी येत नाही, शेजारच्या गोंयकाराला तुमची ‘उपासना’ परकी वाटते. मग स्वागत नेमकं कुणाचं? १९८७ च्या कायद्याने राजभाषा कोंकणी आहे, बाब.

पेटीवाला_पणजी
वाटच बघत होतो. राहता रायतूरला आणि मराठी परकी? इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, ख्रिस्तकथेच्या ओव्या, १६१६ मध्ये तुमच्याच रायतूरला छापलं. कोणत्या भाषेत, ते तुम्हीच सांगा.

रायतूरकार
सांगतो. त्याच स्टीफन्सची दौत्रिन, म्हणजे रोजची शिकवण, कोंकणीत छापली, १६२२ ला. कोंकणीचं व्याकरणही त्याचंच, १६४० ला. ओव्या मराठीत, कारण लोकांच्या कानाला पुराणाची सवय होती. घरात बोलायला आणि समजावायला कोंकणी. अर्धा स्टीफन्स घेऊन पळू नका.

अंत्रुजकर
पुराण, कीर्तन, नाटक, शाळा सगळं मराठीत होतं म्हणूनच ना त्याला मराठी घ्यावी लागली! कायदा वाचताय तर पुढेही वाचा, मराठीच्या वापराची सोय त्याच कायद्यात आहे.

रायतूरकार
‘सोय’! १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल झाला नसता तर आज महाराष्ट्रातला एक जिल्हा झालो असतो. सोय कुणाची झाली असती ते कळतं आम्हाला.

अंत्रुजकर
कौल विलीनीकरणाचा होता, भाषेचा नव्हे. दरवेळी तोच दगड मारायचा.

पेटीवाला_पणजी
तुम्ही दोघं बाहेर भांडाल का? धागा मंडळीचा आहे.

काणकोणची_पोर
मी एक सांगू? वसतिगृहात राहत होते तेव्हा अशाच एका मंडळीत तीन रविवार गेले (तुमचीच असेल असं नाही). दारात हात मिळवला, तिन्ही वेळा. नाव कुणी विचारलं नाही. चहा घेताना सगळे आपापल्या गावच्या माणसांत, नगरचे नगरकडे, बेळगावचे बेळगावकडे. मी भिंतीला टेकून कप संपवला. चौथ्या रविवारी एका म्हाताऱ्या बाईंनी शेजारी बसवून गीताची वही माझ्याकडे सरकवली आणि ओळीवर बोट ठेवलं. मराठी मला वाचता येते, तरी ठेवलं. त्या बाईंसाठी मी पुढे दोन वर्षं गेले. पेटीवाले काका, आधीचं विचारत नाही हे चांगलंच, पण काहीच विचारायचं नाही असं कुठे लिहिलंय?

पेटीवाला_पणजी
हे लागलं. मीही चहाला मिरजेच्या बाकावरच असतो.

अंत्रुजकर
आता कसं! माझं चहाचं मत बदललेलं नाही. त्या म्हाताऱ्या बाईंबद्दल मात्र तक्रार नाही.

रायतूरकार
मला उत्तर मिळालेलं नाही. कोंकणीचं काय?

पेटीवाला_पणजी
पाळकांना आत्ताच फोन केला, तुमच्यापायी. म्हणाले, शास्त्रवाचन महिन्यातून एकदा कोंकणीत करू, वाचणारा तुम्ही आणा. झालं समाधान?

रायतूरकार
वाचणारा मीच. पुस्तक रोमी लिपीतलं की देवनागरी?

अंत्रुजकर
देवनागरी! कायद्यात तेच आहे.

रायतूरकार
आता कायदा आठवला होय?