शब्दचर्चा: परवानगी की मुभा?

प्रश्न (शाहूपुरी): आमच्या पतसंस्थेत रोज रात्री २ वाजता खात्यांची प्रत निघावी म्हणून क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी संगणकातली सोय) काम लावत होतो. 'यू आर नॉट अलाउड टू यूज धिस प्रोग्रॅम' असा संदेश आला. वरिष्ठांना मराठीत कळवताना मी 'परवानगी नाकारली' असं लिहिलं. ते वाचून सहकाऱ्याने स्क्रिप्टला (प्रत काढणाऱ्या आज्ञांच्या फाइलला) सीएचमॉड ७५५ केलं, म्हणजे फाइलची परवानगी वाढवली, पण संदेश तोच. माझा शब्द चुकला का?

उत्तर (उद्यमनगर): हो, शब्द चुकला म्हणूनच हात चुकीच्या जागी गेला. 'परमिशन डिनाइड' आणि 'नॉट अलाउड' या दोन्हींना आपण 'परवानगी नाही' म्हणून मोकळे होतो. पहिली गोष्ट फाइलची: वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, यांची बेरीज करून एक आकडा मालकाचा, एक गटाचा, एक इतरांचा. तिला परवानगीच म्हणा. (खात्यांचं काम आहे, तेव्हा ७५० करा, ७५५ ने कुणालाही वाचता येतं.) दुसरी गोष्ट माणसाची. क्रॉन डॉट अलाउ ही फाइल असेल, तर तिच्यात नाव असलेल्यालाच क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनच्या कामांचं वेळापत्रक, वापरता येतो. ती नसेल तर क्रॉन डॉट डिनाय पाहिली जाते, आणि तिच्यात ज्यांची नावं त्यांना बंदी. याला 'मुभा' हा शब्द नेमका बसतो. मूळ अरबी 'मुबाह', म्हणजे ज्याला मनाई नाही ते. तुम्हाला मुभा नव्हती. फाइलची परवानगी कितीही वाढवली तरी मुभा मिळणार नव्हती.

कागलहून: उसाच्या पाण्याचं असंच आहे. पाळीपत्रकात नाव नसेल तर आपल्या सरीचं तोंड उघडून ठेवून काय उपयोग? क्रॉन डॉट अलाउला 'पाळीपत्रक' म्हणूया.

उद्यमनगर: शब्द फार आवडला, पण तो क्रॉनटॅबला द्या. कुणाचं पाणी कधी, हे पाळीपत्रक सांगतं. क्रॉनटॅबही वेळच सांगतो. क्रॉन डॉट अलाउ ही नुसती सभासद यादी.

शाहूपुरी: यादीत नाव घातलं, क्रॉनटॅब लागला. रात्री मात्र 'परमिशन डिनाइड'! स्क्रिप्ट दुसऱ्या युजरच्या घर-फोल्डरात होती आणि त्या फोल्डरला ७००. स्क्रिप्ट आमच्या फोल्डरात हलवली, काम झालं. पण फोल्डरवरच्या त्या १ ला 'चालवणे' कसं म्हणायचं? फोल्डर कोण चालवतं?

कागलहून: 'शिरणे' म्हणा. बांधावरनं आत शिरू दिलं तरच विहिरीपर्यंत जाता येतं.