वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी गाडी घेता का?

तिसरा मजला
काल इथे एकाने साधा प्रश्न विचारला होता. पहिली गाडी, बजेट 12 लाख, घरात आई धरून चौघं, राहायला पुण्यात सिंहगड रोड, ऑफिस खराडी. त्यावर 'पाचवा गियर' यांचं उत्तर असं: "छोट्या हॅचबॅकचे दिवस संपले. डोळे झाकून उंच एसयूव्ही घ्या, गावी जाताना दुवा द्याल." खाली अंगठ्यांची रांग. माझी झोप उडाली, म्हणून हा वेगळा धागा.

आधीची गाडी विकण्यापूर्वी मी वर्षभर एक उद्योग केला. डॅशबोर्डच्या खणात दोनशे पानी वही ठेवली, पेन दोऱ्याने बांधून (नाहीतर मुलगी पळवते). दर खेपेला तीनच नोंदी: माणसं किती, किलोमीटर किती, डिकीत काय. वर्षाच्या शेवटी 412 खेपा भरल्या. त्यातल्या 287 वेळा गाडीत मी एकटा. चार किंवा जास्त माणसं 19 वेळा. घाट सहा वेळा. कच्चा रस्ता दोनदा, त्यातला एक आमच्याच सोसायटीसमोर ड्रेनेजसाठी खणलेला. डिकीत बहुतेक वेळा काहीच नाही. दुसरा नंबर दळणाचा.

आणि एसयूव्ही म्हणजे तरी काय हो? 2006 च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली. तेव्हापासून सगळ्या कंपन्या त्या चार मीटरच्या पेटीत जे बसेल ते बसवतायत. आता 22 सप्टेंबर 2025 पासून तर पेटीच्या आत 18 टक्के जीएसटी आणि बाहेर 40. मग हॅचबॅकच दोन बोटं वर उचलायची, चाकांभोवती काळं प्लॅस्टिक चिकटवायचं, की झाली एसयूव्ही. 2021 साली टाटाची पंच ही एसयूव्ही आली ती 3827 मिलिमीटर लांब, आजची स्विफ्ट हॅचबॅक 3860. म्हणजे तुमची 'मोठी' गाडी छोटीपेक्षा आखूड.

साडेतीनशे दिवसांची गाडी घ्या. उरलेल्या पंधरा दिवसांना मोठी भाड्याने आणा. विषय संपला.

पाचवा गियर
दळणाची नोंद ठेवणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, पण माझं नाव घेतलंय म्हणून लिहितो.

माझ्याकडेही हॅचबॅकच होती. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा ती खाली पार्किंगमध्ये होती. सकाळी छताचा फक्त अँटेना दिसत होता. तुमच्या वहीत ही खेप कुठल्या रकान्यात लिहिली असतीत? गाडी घेताना माणूस सरासरी बघत नाही, वाईटात वाईट दिवस बघतो.

दुसरं, सुरक्षा. 2023 मध्ये गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने वॅगन आर हॅचबॅकला पाचपैकी एक स्टार दिला. एक. त्यात घरच्यांना बसवून घाटात जा म्हणायचं?

तिसरं आणि शेवटचं. पैसे माझे.

तिसरा मजला
पाणी छतापर्यंत असेल तर दोन बोटं जास्तीच्या ग्राउंड क्लिअरन्सने (गाडीच्या पोटाखालच्या उंचीने) काय झालं असतं? एसयूव्ही नव्हे, होडी घ्यायला हवी होती.

पाचवा गियर
त्या रात्री आमच्या गल्लीच्या मागे माणसं गेली. विनोद करा, चालू द्या.

तिसरा मजला
होडीचं वाक्य मागे घेतो. खरंच. गणित मात्र मागे घेत नाही.

उंटावरचा शहाणा
दोघेही एक मिनिट थांबा. सुरक्षा आणि उंची यांची गाठ कुणी मारली? 2020 मध्ये पाच स्टार मिळवणारी अल्ट्रोज हॅचबॅक आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये पाच स्टार मिळाले ती डिझायर, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली सेदान. उलट उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. स्टार गाडीगणिक बघायचे, आकार बघून नाही. वॅगन आरला आता सहा एअरबॅग आल्यात हे खरं, पण त्या चाचणीत तिचा सांगाडाच डळमळीत ठरला होता. तो एअरबॅगने सुधारत नाही. तेव्हा पाचव्या गियरचा मुद्दा अर्धा बरोबर.

बाकी तुम्ही सगळे पेट्रोलबद्दल गप्प का? इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने तिसरा हिस्सा ऊर्जा कमी, आणि आपल्याकडे आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालंच मिळतं. माझी 2017 ची गाडी. ॲव्हरेज 17 वरून 15 वर आलं. भाव मात्र तोच! साखर कारखानदारांची दिवाळी आणि आमच्या टाकीत...

कडक चहा
उंटराव, प्रत्येक धाग्यात तुमची टाकी उघडू नका. त्याला वेगळा धागा आहे आणि तोही तुमचाच आहे.

माझा अनुभव सांगते. सासऱ्यांचं पॅरालिसिसनंतर सगळं व्हीलचेअरवर. ह्यांनी मायलेज मायलेज करत सीएनजी घेतली. पहिल्याच दिवशी डिकी उघडली, आत टाकी, आणि तिच्यापुढे जेमतेम भाजीच्या पिशवीची जागा. घडीची खुर्ची आडवी घातली, उभी घातली, चाकं काढून घातली. शेवटी पुढच्या सीटवर खुर्ची आणि सीटबेल्ट खुर्चीला. सासरे मागे, मी त्यांना धरून. हॉस्पिटलचा वॉचमन म्हणाला, पेशंट कोण आहे नक्की?

आता दोन छोट्या टाक्या तळाशी बसवून वर डिकी मोकळी ठेवणाऱ्या सीएनजी गाड्या मिळतात. तेव्हा नव्हत्या. आणि सीटची उंची हा चैनीचा मुद्दा नाही. खूप खाली बसायचं असेल तर म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही, खूप वर असेल तर चढवत नाही. कमरेच्या उंचीची सीट हवी. तिसरा मजला, तुमच्या वहीत 'गुडघे' असा रकाना आहे का?

तिसरा मजला
नाही. असायला हवा होता. (हे मी फक्त तुम्हाला म्हणतोय, पाचव्या गियरला नाही.)

एसटीचा पास
डिझेलवाल्यांनाही सांगून ठेवतो. 'डिझेल ताकदवान' म्हणून 2021 ला बीएस-सहा (नव्या प्रदूषण-नियमांची) डिझेल घेतली. घर ते ऑफिस चार किलोमीटर. डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साचलेली काजळी जाळायला इंजिन नीट तापून गाडी काही काळ सलग पळावी लागते. माझी तापायच्या आत ऑफिस यायचं. दर दोन महिन्यांनी दिवा लागायचा. मग मी रविवारी पहाटे उठून रिकामी गाडी एक्सप्रेसवेवर पळवून आणायचो, तळेगावपर्यंत. कुत्रं फिरवतात तशी. बायकोला बराच काळ वाटत होतं की भानगड वेगळीच आहे.

वाडीतला बाबल्या
हे सगळं ठीक. पण 'पंधरा दिवस भाड्याने घ्या, विषय संपला' हे वाचून डोकं फिरलं. विषय तिथेच सुरू होतो.

गेल्या गणपतीत मी हाच शहाणपणा केला. सात सीटर भाड्याने, स्वतः चालवायची. नेहमीपेक्षा जवळपास दुप्पट भाडं, तेही जूनमध्ये बुक केली म्हणून मिळाली. अशा गाडीची नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पहाटे वाडीत शिरलो, गाडी खळ्यात लावली. काका पुढे आले, प्लेटकडे बघितलं, म्हणाले, "भाड्याची काय रे?" बस. ना टोमणा, ना काही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाबांनी पुढच्या बंपरवर ओला पंचा वाळत घातलेला. बरोब्बर प्लेट झाकेल असा. आरतीला माणसं येणार होती ना. पाच दिवस तो पंचा तिथेच. वाळला की बाबा पुन्हा भिजवून आणत.

यंदा मी स्वतःची घेतली. सात सीटर. ईएमआय चालू आहे.

तिसरा मजला
म्हणजे काकांच्या एका वाक्यापायी पाच वर्षांचं कर्ज? याला गरज म्हणायचं?

वाडीतला बाबल्या
हो. तुम्ही तुमची गरज वहीत मोजता, आम्ही आमची खळ्यात मोजतो. बाबा 31 वर्षं गिरणीत होते, दर गणपतीला एसटीत उभ्याने यायचे. त्यांना पंचा वाळत घालायला लागू नये एवढीच माझी गरज. तुमच्या पुणेरी हिशोबात बसत नसेल तर राहू द्या.

एसटीचा पास
बाबल्या, मला तुझं पटतं आणि पटत नाही. माझे वडीलही उभ्याने जायचे. त्यांनी कधी कुणाची प्लेट बघितली नाही. उलट पांढऱ्या प्लेटच्या गाड्या गुपचूप भाड्याने फिरतात, त्या घेऊ नका. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि धडक झाली की विमेवाले पहिला प्रश्न हाच विचारतात. काळी प्लेट म्हणजे रीतसर. त्यात लाजायचं काय?

वाडीतला बाबल्या
लाजायचं काही नाही हे मला माहीत आहे. पंच्याला सांगा.

पाचवा गियर
बाबल्याशेठ, जिंकलात. मी एवढं लिहिलं ते तुम्ही एका पंच्यात बसवलंत.

कडक चहा
थांबा, एवढ्यात गळ्यात पडू नका. सात सीटर गाडीत तिसऱ्या रांगेत कोण बसतं? मला विचारा. सून. नेहमी सून, नाहीतर ज्याला नाही म्हणता येत नाही असा पुतण्या. गुडघे हनुवटीला, एसीचा वारा पुढच्यांनाच, आणि तिसरी रांग उघडली की डिकी उरते नावाला. अर्टिगाची 209 लिटर. वॅगन आरसारख्या छोट्या गाडीची 341! म्हणजे माणसं सात नेता, पण सातांच्या बॅगा कुठे? माझ्या मांडीवर. गेल्या वर्षी मुंबई-गोवा हायवेवर माणगावच्या गर्दीत दोन तास मोदकपात्र मांडीवर घेऊन बसले होते. त्याचं झाकण अजून कशेडीच्या आसपास कुठेतरी आहे.

वाडीतला बाबल्या
आमच्याकडे तिसऱ्या रांगेत माझा मेव्हणा बसतो.

कडक चहा
मग ठीक आहे.

ऑरेंज सिटी
भाऊ, तुमचा महाराष्ट्र सिंहगड रोडला सुरू होऊन कशेडीला संपतो का? इकडे नागपूरला मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते. एक लिटरच्या छोट्या इंजिनात पाच माणसं आणि एसी फुल्ल केला, की पूल चढताना गाडी विचार करते, चढू का नको. समृद्धी महामार्ग पूर्ण झाला तेव्हापासून मुंबईच्या अलीकडे भिवंडीजवळपर्यंत 701 किलोमीटर, मोकळा सिमेंटचा रस्ता. तिथे ग्राउंड क्लिअरन्सचं लोणचं घालायचं का? आम्हाला टायर चांगले पायजेत, मागच्या सीटला एसीचा झरोका पायजे आणि शंभरच्या वर गाडी हलली नाही पायजे. शोरूममध्ये पोरगा मला सनरूफ दाखवत होता. नागपुरात सनरूफ! पापड भाजू काय त्याच्यात?

उंटावरचा शहाणा
पापड नाही भाजले तरी सनरूफवाल्या व्हेरियंटचे पैसे भाजतात. त्यात रोड टॅक्सही किमतीवर. दहा लाखांच्या आत पेट्रोलला 11 टक्के, पुढे 12. मुलगा हट्ट करतो म्हणून बाप टप्पा ओलांडतो. इथेनॉलबद्दल मी काही बोलत नाहीये.

होऊ घातलेला चालक
नमस्कार. कालचा प्रश्न माझाच. दोन दिवस वाचतोय. सगळ्यांचे आभार, पण मला कुणीच काही विचारलं नाही म्हणून सांगतो.

मला गाडी येत नाही. शिकायचा विचारही नाही. गाडी बायको चालवणार आहे. खराडीला ऑफिस तिचं, मी घरून काम करतो. तिची उंची पाच फूट. कालपर्यंत तीन गाड्या चालवून बघितल्या. त्यातल्या मोठीत सीट पूर्ण वर घेऊनही तिला बॉनेट स्वयंपाकघराच्या ओट्यासारखं दिसत होतं, पुढचा दुचाकीवाला दिसेना. दुसरी बरी होती, पण क्लच जड, आणि सिंहगड रोड ते खराडी रोज दोन वेळा क्लच मारायचा म्हणजे गुडघा गेला. तेव्हा ऑटोमॅटिक हवी एवढं नक्की.

आणखी एक. आमचं पार्किंग दोन खांबांच्या मध्ये आहे. तिने आधी खांबांमधलं अंतर मोजलं, मग तीच टेप घेऊन शोरूममध्ये गेली आणि आरसे उघडे ठेवून गाडीची रुंदी मोजली. सेल्समन हसला. एका गाडीत हिशोब असा निघाला की गाडी आत जाईल, पण दार उघडून बाहेर येणार कसं? सेल्समन म्हणाला, "मॅडम, सनरूफ आहे ना."

गावी आम्ही रेल्वेने जातो. कोल्हापूर.

तिसरा मजला
'ऑफिस खराडी' वाचून मीही पुरुषच धरला. चूक कबूल. वहिनींना सांगा, टेपची कल्पना माझ्या वहीपेक्षा भारी आहे.

पाचवा गियर
ओटा मान्य. खांबही मान्य. तुमच्याकरता एसयूव्हीचा सल्ला मागे. बाकीच्यांसाठी कायम आहे.

तिसरा मजला
बाकीचे म्हणजे कोण? बाबल्या काकांसाठी घेतोय, कडक चहाला सपाट डिकी हवी, नागपूरवाल्यांना टायर. उरले फक्त तुम्ही.

पाचवा गियर
मग माझ्यासाठी कायम आहे. पैसे माझे, हे वर लिहिलंय. आणि तुमच्या त्या वहीचे रकाने जरा टाका इथे. मला नाही, भाच्याला पाहिजेत.

तिसरा मजला
भाच्याला सांगा, पेन दोऱ्याने बांधायचं.

वाडीतला बाबल्या
ते सगळं असू दे. शनिवारी गावी निघतोय, माणगाव किती वाजता ओलांडावं?

कडक चहा
पहाटे पाचच्या आत. आणि मोदकपात्राचं झाकण दिसलं तर घेऊन या.