मदत हवी आहे: 'इश्यू'ला मराठीत काय म्हणू? पणजोबांच्या मृत्युपत्रात अडकले आहे

शेवंती

नमस्कार मंडळी,

आमच्या पणजोबांचं १९३४ सालचं मृत्युपत्र माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं. गिरगावातलं घर होतं, सॉलिसिटरकडून करून घेतलेलं, त्यामुळे सगळं इंग्रजीत. टाइप केलेली नऊ पानं. माझ्या ८७ वर्षांच्या आत्याला ते मराठीत वाचून दाखवायचं आहे. मी शाळेत मराठी शिकवते, इंग्रजी बरं आहे, पण हे कायद्याचं इंग्रजी म्हणजे वेगळंच प्रकरण निघालं.

अडचण एकाच शब्दाची आहे. 'इश्यू'. नऊ पानांत पाच वेळा येतो आणि पाचही वेळा वेगळा वाटतो:

१. माझा थोरला मुलगा 'डाय विदाउट इश्यू' झाला तर त्याचा हिस्सा बाकीच्या मुलांना.
२. 'लॉफुल इश्यू ऑफ हिज बॉडी'.
३. 'द रेंट्स इश्यूइंग आउट ऑफ द सेड प्रॉपर्टी'.
४. मुलांमध्ये काही 'मॅटर अ‍ॅट इश्यू' असेल तर अमक्या पंचांकडे जावं.
५. मागे जोडलेल्या कोर्टाच्या कागदावर 'लेट प्रोबेट इश्यू' (प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला).

मोबाइलमधल्या भाषांतरयंत्राला विचारलं. पहिल्याचं उत्तर आलं, 'माझा मुलगा समस्येविना मरण पावल्यास'. आत्याला वाचून दाखवलं तर म्हणाली, "समस्येविना आपल्या घरात कोण गेलंय गं?" दुसऱ्याचं 'त्याच्या शरीराची कायदेशीर समस्या' असं आलं, ते मी तिला वाचून दाखवलंच नाही.

पहिल्याचा अर्थ मूलबाळ नसणे, एवढं शब्दकोशावरून कळलं. पण खरा गुंता पुढे आहे. त्याच ट्रंकेत मृत्युपत्राची एक जुनी मराठी नक्कल आहे, कुणा कारकुनाच्या सुरेख हातची. तिच्यात लिहिलंय, 'निपुत्रिक मयत झाल्यास'. आमचे थोरले आजोबा, म्हणजे आत्याचे काका, १९५१ साली गेले. त्यांना मुलगा नव्हता, एक मुलगी होती. त्यांच्या दोन खोल्या भावांकडे आल्या आणि ती मुलगी आईबरोबर सांगलीला मामाकडे गेली. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, 'मृत्युपत्रातच तसं होतं'.

घर सत्तरच्या दशकात विकलं गेलं, हिस्सेदार कुणी उरले नाहीत, कोर्टात जायचं नाहीये. मला फक्त योग्य शब्द हवा आहे. निपुत्रिक, निःसंतान, बिनवारस, विनापत्य? बाकीच्या चार ठिकाणीही मदत करा.

पाटीपेन्सिल

संतती. 'संतती नसता'. पुढे?

दप्तरदार

शेवंतीताई, दिवाणी कोर्टाच्या कचेरीत तीस वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी काय लिहू नये ते सांगतो. 'बिनवारस' अजिबात नको. मूलबाळ नसलेल्या माणसालाही बायको, भाऊ, आई असे वारस असतातच. 'इश्यूलेस'चं बिनवारस करून ठेवलेले दस्त मी पाहिले आहेत, त्यातून भलते घोळ होतात.

'अपत्य'ही थोडं तोकडं पडतं. अपत्य म्हटलं की पोटचा मुलगा किंवा मुलगी एवढंच डोळ्यांपुढे येतं. कायद्याच्या इंग्रजीत इश्यू म्हणजे सहसा खालची सगळी वेल, नातवंडं-पतवंडंसुद्धा. मुलगा बापाआधी गेला पण नातू मागे आहे, तर तो माणूस 'विदाउट इश्यू' गेला असं होत नाही. म्हणून वरच्या पाटीपेन्सिल यांचा 'संतती' बरोबर आहे. 'वंश' टाळा. आपल्याकडे वंश म्हटलं की लोकांना मुलगाच दिसतो.

दुसऱ्याला मराठीत तयार शब्द आहे: औरस. 'लॉफुल इश्यू ऑफ हिज बॉडी' म्हणजे 'त्याची औरस संतती'. शरीरबिरीर काही आणू नका. पण लक्षात घ्या, या शब्दरचनेने दत्तक बाहेर राहतो.

चौथं: 'मॅटर अ‍ॅट इश्यू' म्हणजे वादातला मुद्दा. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत चौदावा आदेश पूर्ण याच 'इश्यूज'चा आहे. वादी एक म्हणतो, प्रतिवादी नाकारतो, तिथे मुद्दा उभा राहतो. मराठी निकालपत्रात डावीकडे 'मुद्दे' आणि उजवीकडे 'निष्कर्ष' असा तक्ता असतो, तो हाच. बोलताना मात्र आम्ही सगळे 'इश्यू फ्रेम झाले का?' असंच विचारायचो.

पाचवं सोपं: 'प्रोबेट देण्यात यावे'.

आता निपुत्रिक. त्या कारकुनावर लगेच आळ घेऊ नका. जुन्या कागदांत आणि बोलण्यातही 'मूलबाळ नसलेला' याच अर्थाने निपुत्रिक सर्रास लिहीत. पण वाचणाऱ्याला सोयीचं असेल तर तो शब्दाचं बोट धरून 'पुत्र नाही' एवढंच वाचतो. मूळ दस्त इंग्रजी होता, अर्थ त्याचाच धरायला हवा होता. तो किती जणांनी वाचला असेल, तुम्हीच सांगा.

मिरजमळा

+१ दप्तरदार. लग्नाच्या जाहिरातीत 'घटस्फोटित, विनापत्य' असतं, इंग्रजी जाहिरातीत त्यालाच 'इश्यूलेस'. माझ्या भाचीला वाटायचं इश्यूलेस म्हणजे स्वभावाला सरळ, कटकट नसलेला मुलगा.

दूर्वा

संस्कृतच्या बाजूने एक गंमत. पाणिनीचं सूत्र आहे, 'भ्रातृपुत्रौ स्वसृदुहितृभ्याम्' (१.२.६८). म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघांना मिळून सांगायचं तर एकटा 'पुत्र' शब्द उरतो आणि त्यातच दुहिता येते. 'पुत्रौ' म्हणजे दोन मुलगे असतील किंवा मुलगा आणि मुलगी. तेव्हा कारकून व्युत्पन्न होता असं मानलं तर त्याच्या निपुत्रिकात मुलगीही धरता येते. अर्थात गिरगावातल्या खोल्या वाटून घेताना कुणी अष्टाध्यायी उघडली नसणार.

खमंग

मला कायदा कळत नाही, पण हा शब्द आवडतो म्हणून लिहितोय.

पाच जागा वेगळ्या वाटतात, मुळात चित्र एकच आहे. इश्यू हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द, मागे लॅटिनमधलं 'बाहेर जाणे'. 'एक्झिट' त्याच धातूचा. त्यामुळे जे जे बाहेर येतं ते इश्यू: पोटातून मूल, छापखान्यातून अंक, कचेरीतून आदेश, जखमेतून स्राव. १६११ च्या इंग्रजी बायबलात बारा वर्षं आजारी असलेल्या बाईला 'इश्यू ऑफ ब्लड' आहे, तो रक्तस्राव. वादाचा इश्यूही तसाच, दोघांच्या बोलण्यातून शेवटी जे निघतं ते. अडचण हा अर्थ तर फारच अलीकडचा, आणि आपण नेमका तेवढाच उचलला. 'त्याला इश्यूज आहेत' हे पणजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी 'किती?' म्हणून विचारलं असतं.

आता मराठीत बघा. दिवाळी अंक काढतात. नोटीस काढतात. वॉरंट काढतात. मुद्दा काढतात. कंपनी शेअर काढते. समन्स निघतं, परिपत्रक निघतं, जमिनीतून पीक निघतं. 'काढणे' आणि 'निघणे' ही जोडी इश्यूचं जवळजवळ सगळं काम करते. फक्त मूल तेवढं निघत नाही, होतं. तुमच्या तिसऱ्या वाक्याला 'सदर मिळकतीतून निघणारं भाडं' चालेल का?

वाळकेश्वरी

बँकेतला निवृत्त माणूस आहे. रिझर्व्ह बँकेत नोटा काढणारं खातं 'इश्यू डिपार्टमेंट', हिंदी पाटीवर 'निर्गम विभाग'. शाळेचा 'निर्गम उतारा' तोच निर्गम. आणि 'शासन निर्णय निर्गमित करण्यात येत आहे' हे तर तुम्हा शिक्षकांना पाठच असेल. आत जाण्याबाहेर जाण्याची नोंद ठेवणाऱ्यांनाच हा शब्द नीट कळतो, असं आपलं माझं मत.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरदारकाका, 'औरस' मला सुचायला हवा होता, वर्गात समानार्थी शब्द घोकून घेते आणि वेळेला एक आठवत नाही. खमंग, 'निघणारं भाडं' घेते आहे. 'उत्पन्न' लिहिणार होते, मग वाटलं उत्पन्नातही 'जन्मलेलं' आहेच, पण आत्याला भाडं लगेच कळेल.

काल दुपारी वाचून दाखवलं. 'माझा थोरला मुलगा संतती नसताना मयत झाला, तर त्याचा हिस्सा माझ्या इतर मुलांना मिळावा.' आत्याने परत वाचायला लावलं. मग थोडा वेळ नुसती बसली. "संतती नसताना," म्हणाली, "म्हणजे ताई होती की."

नंतर तिनेच एक सांगितलं. काकांनी धाकट्या भावाचा मुलगा दत्तक घ्यावा असं एकदा घाटत होतं, मुहूर्तापर्यंत आलं होतं, आणि एकाएकी बारगळलं. कारण कुणी मुलांना सांगितलं नाही. 'औरस'चा अर्थ तिला समजावला तेव्हा म्हणाली, म्हणजे कुणीतरी इंग्रजी कागद वाचला होता. दुसऱ्या पानापर्यंत वाचला होता तर पहिलंही वाचलंच असेल.

दप्तरदारकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा हेच.

जुन्या नकलेवर 'निपुत्रिक'च्या वर पेन्सिलीने 'संतती नसताना' लिही म्हणाली. लिहिलं. आता तिला पूर्ण मराठी प्रत सांगलीला पाठवायची आहे, ताईच्या मुलीकडे. त्यासाठी शेवटची मदत: 'टू हॅव अँड टू होल्ड'ला काय लिहू? यंत्र म्हणतं 'असणे आणि धरून ठेवणे'.

दप्तरदार

'मालकी हक्काने उपभोगणे' लिहा. आणि प्रत पाठवायच्या आधी नऊही पानं मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, एकदा नजर टाकतो.