मदत हवी आहे: एका इलेक्ट्रॉनने क्लोरीन एवढा फुगतो कसा?

लेक अकरावी सायन्सला. मी कॉमर्सवाला, पण काल रात्री तिचं पुस्तक घेऊन बसलो आणि आता दोघंही अडकलोय.

सोडियमचं कळलं. कवचागणिक इलेक्ट्रॉन २, ८, १; त्यातला शेवटचा एकुलता गेला की तिसरं कवचच उरत नाही. त्रिज्या १८६ पिकोमीटरवरून (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) १०२ वर येते. वरचा मजला पाडला की इमारत बुटकी होणारच.

घोडं अडतं क्लोरीनपाशी. २, ८, ७ चं २, ८, ८ झालं, म्हणजे मजले तेवढेच. तरी ९९ वरून थेट १८१? क्लासमधले सर म्हणाले, 'इलेक्ट्रॉन गेला की प्लस, तो लहान; आला की मायनस, तो मोठा, पाठ करा.' लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकला तर सगळे सरकतात हो, पण बाक दुप्पट लांब होत नाही!

प्रतिसाद १
सरकणं हेच कारण आहे. केंद्रकात प्रोटॉन १७ च, इलेक्ट्रॉन मात्र १८ झाले. आपापसातलं प्रतिकर्षण वाढलं, प्रत्येकावरची ओढ सैल पडली. म्हणून पसरतो.

धागाकर्ता
ते मान्य, पण *एवढा* का?

प्रतिसाद २
काका, तुमची शंका रास्त आहे. गोम मोजमापात आहे. ९९ हा आकडा क्लोरीनच्या रेणूतून येतो: दोन केंद्रकांमधलं अंतर १९९ च्या आसपास, त्याचं निम्मं. पण तिथे दोन्ही अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, एकमेकांत घुसलेले असतात. विरारच्या गर्दीत माणसाची रुंदी मोजावी तसं. बंध नसताना दोन क्लोरीन जवळ आले, तर त्याच अणूची त्रिज्या सुमारे १७५ धरतात. आता १७५ आणि १८१ बघा. बाक थोडासाच लांबला ना?

आणि १८१ सुद्धा कुणी पट्टी लावून मोजलेला नाही. मिठाच्या स्फटिकात क्ष-किरणांनी कळतं ते सोडियम-क्लोरीन केंद्रकांमधलं अंतर, साधारण २८२. त्यातले सोडियमचे किती नि क्लोरीनचे किती, ही वाटणी रसायनशास्त्रज्ञांनी बऱ्याच संयुगांची अंतरं ताडून ठरवली. म्हणून पुस्तकागणिक आकडे थोडे हलतात. परीक्षेत तिच्या पुस्तकातलेच लिहायला सांगा.

धागाकर्ता
हे आधी कुणी सांगितलं असतं तर रात्रीची झोप वाचली असती. लेक विचारतेय, सोडियम आयन (म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला सोडियम) आणि फ्लोराइड (एक मिळवलेला फ्लोरीन), दोघांकडे इलेक्ट्रॉन १० च. मग आकार सारखा?

प्रतिसाद २
नाही. फ्लोरीनकडे प्रोटॉन ९, सोडियमकडे ११. तेवढेच दहा इलेक्ट्रॉन सोडियम जास्त आवळून धरतो. फ्लोराइड १३३, सोडियम १०२. दहाच इलेक्ट्रॉन असलेला, १२ प्रोटॉनवाला मॅग्नेशियम आयन तर ७२ वरच येतो. ॲल्युमिनियमचा अंदाज तिलाच करू दे, मग पुस्तकात बघा.

धागाकर्ता
५० ते ५५ म्हणाली. पुस्तकात ५३.५ निघालं. आज भांडुपची मिठागरं दिसली की खिडकीतून हात दाखवून लेक्चर देणार आहे म्हणे. डब्यातल्यांनी सांभाळून घ्यावं.