मदत हवी आहे: एलजीबीटी विषयांवरच्या विकिपीडिया लेखांसाठी जुनी मराठी कात्रणं

मंडळी, नमस्कार.

आम्ही चार-पाच जण फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर लिहितो. एलजीबीटी विषयांवर विकिपीडियात भर घालायची 'विकी लव्हज प्राइड' ही मोहीम २०१४ पासून चालू आहे. यंदा ठरवलं की परदेशी लेखांची भाषांतरं पाडत बसण्यापेक्षा आपल्याकडचं लिहायचं.

समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं जे कलम ३७७ होतं, त्याची अडचण नाही. २००९चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला ते, आणि ६ सप्टेंबर २०१८ला प्रौढांचे संमतीचे असे संबंध गुन्हा नाहीत असं त्याच न्यायालयानं म्हटलं ते. निकालपत्रंच जालावर आहेत. गाडं अडतं ते त्याआधीच्या काळापाशी. अशोक राव कवींनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक काढलं, १९९४ मध्ये एलजीबीटी लोकांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला, पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट ही तशीच संस्था सुरू केली. सनावळी मिळते हो, पण मराठी पेपर तेव्हा यावर काय छापत होते? धूळपाटीवरच्या (विकिपीडियावरच्या कच्च्या मसुद्याच्या पानावरच्या) माझ्या लेखात निम्म्याहून जास्त संदर्भ संस्थांच्याच पत्रकांचे आहेत. लेखाच्या चर्चापानावर एका जाणत्या सदस्यानं विचारलं, "त्रयस्थ संदर्भ कुठे?" प्रश्न रास्त आहे.

तर कुणाकडे १९९० ते २०१०च्या दरम्यानची कात्रणं, दिवाळी अंकांतले लेख असतील, किंवा जवळच्या वाचनालयात जुने अंक बांधून ठेवले असतील, तर कृपया पाहाल का? पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान, मथळा, लेखक एवढं पुरे. लिंक नसली तरी छापील संदर्भ चालतो. कात्रणाचा फोटो मात्र विकीवर चढवू नका, प्रताधिकाराचं लफडं होतं. आणि "अमका नट 'तसा' होता म्हणे" छापाची माहिती नको. विकिडेटावरसुद्धा (विकिपीडियाच्या माहितीसंचावर) हयात माणसानं स्वतः जाहीरपणे सांगितलं असेल तरच अशी नोंद करता येते.

दुसरा पेच जास्त अवघड आहे, जाणकारांनी सांगावं. ट्रान्स व्यक्तीचं चरित्र लिहिताना, ती जुन्या नावानं प्रसिद्ध नसेल तर ते नाव द्यायचं नाही असा इंग्रजी विकिपीडियाचा संकेत आहे. तो आम्हीही पाळतो. पण जुन्या बातमीच्या मथळ्यातच ते नाव असतं! लेखात गाळलं तरी तळटीपेत येतं, आणि शोधयंत्रं तळटीपही वाचतात. मथळा रिकामा ठेवला की संदर्भाचा साचा (विकीवरचा ठरावीक रकान्यांचा नमुना) लाल अक्षरात चूक दाखवतो. मथळ्यात नावाच्या जागी चौकटी कंसात तीन टिंबं द्यावीत असं माझं मत, पण आमच्यातल्या एकाला ही उद्धरणात ढवळाढवळ वाटते. दुसरी बातमी शोधणं हाच उपाय आहे का? दुसरी सापडलीच नाही तर?

प्राइड मिरवणुकीचे स्वतः काढलेले फोटो असतील तर कॉमन्ससाठी (विकीच्या मुक्त चित्रसंग्रहासाठी) हवेत. फलक, पाठमोरी गर्दी उत्तम. ओळखू येणाऱ्या चेहऱ्यांना आधी विचारा, घरी सांगितलेलं नसतं अनेकांनी.

भर: खाली एकानं विचारलंय, लिहायचंय पण नाव उघड व्हायला नको. विकिपीडियावर टोपणनावानं खातं काढा, चालतं. फक्त इथला आयडी तिथे वापरू नका. तुमच्या प्रत्येक संपादनाची यादी तिथे कुणालाही दिसते.